बोट बंद होती म्हणून भेटलेली माणसं

एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा:

ताई, त्यांचे यजमान आणि शाळकरी मुलगी मेच्या अखेरीस अंदमानला गेले. सीझन संपलेला, त्यामुळे सगळं स्वस्तात मिळालं. सेल्युलर जेल पाहून शहीद द्वीपवर, म्हणजे जुन्या नील बेटावर पोचले आणि पावसाने गाठलं. बोटी बंद झाल्या, परतीचं विमान चुकलं, एका रात्रीचा मुक्काम लांबत गेला. बघायचं म्हणून ठरवलेलं जवळजवळ काहीच झालं नाही. पण माणसं भेटली. होमस्टेच्या बंगाली मावशींनी मुलीच्या तापात रात्री जागून काढल्या. मावशींच्या सासूबाई लहानपणी पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून बेटावर आलेल्या. त्यांनी ती सगळी हकिगत सांगितली. एक रिक्षावाला रोज सकाळी भिजत यायचा आणि बोटीची खबर देऊन जायचा. जेटीवर एक निवृत्त खलाशी काका भेटले, ते सुनामीच्या दिवशी लिटल अंदमान बेटावरच्या हटबेला होते. निघताना मावशींनी वाढीव रात्रींचे पैसे घ्यायला नकार दिला, तेव्हा ताईंनी ते गुपचूप उशीखाली ठेवले.

घरी आल्यावर ताईंनी फोटोंसकट हे सगळं फेसबुकवर लिहिलं. खूप वाचलं गेलं. आता आठ मैत्रिणींचा गट पुढच्या पावसाळ्यात ‘त्याच माणसांना’ भेटायला जायचं म्हणतो आहे. त्यातली एक म्हणते, खरे स्थानिक बघायचे तर तिथले मूळचे आदिवासी, जरावाच बघायला हवेत. यजमान म्हणतात, ‘अगं, धंदा आहे त्यांचा. तू गिऱ्हाईक होतीस.’ आणि नेमकं आताच मावशींनी मेसेजना उत्तर देणं थांबवलं आहे. ताई विचारतात, ‘मीच खुळी का? ती माया खरी नव्हती का? मैत्रिणींना नंबर देऊ की नको? परत जाऊ की नको?’

ताई,

तुमच्या यजमानांचं निम्मं म्हणणं मला पटतं. धंदा आहेच. मावशी खोल्या भाड्याने देतात, त्यावर घर चालतं, आणि तुम्ही गिऱ्हाईक म्हणूनच त्यांच्या दारात उतरलात. पण धंदा आहे म्हणजे माया नाही, हे उरलेलं निम्मं त्यांनी कुठून आणलं? परक्या मुलीच्या कपाळावर रात्री दोन वाजता पट्ट्या ठेवणाऱ्या बाईला, आपण हे पैशासाठी करतोय की आतून, असा प्रश्नही पडला नसेल. तो आपल्याला पडतो, कारण प्रवासात आपण सगळ्याचे पैसे मोजत असतो आणि मग एखादी गोष्ट न मोजता मिळाली की संशय येतो. ती खरी होती का, याचा निकाल मी देऊ शकत नाही, आणि तुम्हालाही तो लावायची गरज नाही. मुलीचा ताप उतरला ना?

मला खटकलं ते दुसरंच. तुमच्या पत्रात एक वाक्य तीनदा आलं आहे: ‘तिथली माणसंच तशी आहेत.’ ही समजूत जरा उलगडून बघू या.

तुम्ही गेलात ते दिवस आठवा. नैऋत्य मोसमी पाऊस आपल्याकडे यायच्या आधी अंदमानात पोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. वर्षाकाठी तिथे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पर्यटकांची मोठी गर्दी तोवर ओसरलेली असते. म्हणजे मावशींच्या बाकीच्या खोल्या रिकाम्या होत्या, रिक्षावाल्याला दुसरं भाडं नव्हतं, आणि खलाशी काका बोट सुटत नसतानाही सवयीने जेटीवर येऊन बसले होते. तीच माणसं तुम्हाला डिसेंबरात भेटली असती तर? मावशींनी चहा दिला असता, हसून दिला असता, आणि पुढच्या पाहुण्यांच्या चादरी बदलायला धावल्या असत्या. तेव्हाही त्या तितक्याच भल्या असत्या, फक्त तुमच्या वाट्याला त्यांचा वेळ आला नसता.

आणि तुम्ही तरी कुठे बसला असतात? ठरल्याप्रमाणे सकाळी भरतपूरचा किनारा, ओहोटी साधून लक्ष्मणपूरची दगडी कमान, तिथेच सूर्यास्त, सकाळी सीतापूरला सूर्योदय आणि दुपारची बोट. नीलवर आलेला प्रत्येक जण हेच करतो, त्यात वाईट काही नाही. पण या यादीत सासूबाईंशेजारी बसून शेंगा सोलायला जागा नव्हती. ती बोट रद्द झाल्याने मिळाली. पाऊस दोन्ही बाजूंना मोकळा वेळ देऊन गेला, असं म्हणा. ‘तिथली माणसंच तशी’ म्हटलं की त्यांच्यावर कायम तसंच असण्याचं ओझं येतं. पुढच्या वेळी मावशी घाईत दिसल्या तर तुम्ही म्हणाल, ‘बदलल्या हो त्या.’

याच पावसाची दुसरी बाजू तुमच्या पत्रात अगदी ओझरती आली आहे. रिक्षावाला एकदा ‘माल सडेल’ असं काहीसं म्हणाल्याचं तुम्ही लिहिलंय आणि पुढे गेलात. मी तिथे थांबले. नील हे अंदमानातलं भाजीपाल्याचं बेट आहे. तिथली भाजी बोटीने श्री विजयपुरमच्या, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरच्या, बाजारात जाते. बोट तीन दिवस बंद म्हणजे तोडलेली भाजी जागच्या जागी. आजारी माणसाला मोठ्या इस्पितळात न्यायचं तर समुद्र ओलांडावा लागतो. कॉलेज, कचेरी, कोर्टाची तारीख, सगळं पाण्यापलीकडे. तुमचं विमान चुकलं, ती नुकसानी झालीच. पण तुमच्यासाठी जो आयुष्यातला सुंदर खोळंबा होता, तो त्यांच्यासाठी दरवर्षीचा घोर आहे. तो रिक्षावाला बोटीची खबर काढायला जेटीवर तुमच्यासाठीच जात होता असं नाही. जाताना तुम्हालाही सांगून जात होता, आणि त्याचं मोल मला त्यामुळे कमी वाटत नाही, उलट जास्त वाटतं.

आता पैशांचं. यावर तुम्ही दोनच ओळी लिहिल्या आहेत, पण माझ्या मते तुमची रुखरुख तिथेच आहे.

मावशी म्हणाल्या, बोट बंद होती, तुम्ही काय मुद्दाम राहिलात? पैसे नकोत. तुम्ही ‘बरं’ म्हणालात आणि नोटा उशीखाली सरकवल्या. तुमचा हेतू चांगला होता. पण मावशींच्या जागी बसून बघा. त्यांनी विचार करून एक गोष्ट देऊ केली होती, स्वतःच्या तोट्यात. पाहुणे गेल्यावर चादर काढताना हातात काय आलं? त्यांचं ‘नको’ तुम्ही ऐकलंच नाही, याचा पुरावा. समोरासमोर दिले असते तर त्यांना हुज्जत घालता आली असती, निम्मे परत करता आले असते, किंवा ‘बरं, द्या’ म्हणून मान राखून घेताही आले असते. गुपचूप ठेवल्याने या तिन्ही वाटा बंद झाल्या. तुम्ही ऋणातून मोकळ्या झालात. त्यांना मात्र बोलायला जागा राहिली नाही.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. ‘अरेरे, मी त्यांचा अपमान केला’ म्हणून पानभर माफी लिहू नका. कदाचित त्या पैशांतून गळक्या छपरावर पत्रा पडला असेल आणि त्या तुम्हाला दुवा देत असतील. बिनसीझनचे महिने छोट्या होमस्टेला जड जातात. फोनवर एकदाच, साधेपणाने सांगा: ‘मावशी, तुम्ही नको म्हणालात तरी मी ठेवून आले, राग मानू नका.’ त्या काय म्हणतात ते ऐका आणि विषय सोडा.

इतर वाचकांसाठीही हे सांगून ठेवते, कारण असा प्रसंग खूप जणांवर येतो. खोलीचं, जेवणाचं, रिक्षाचं भाडं हा व्यवहार आहे. तो उघडपणे, सांगितल्या दराने, घासाघीस न करता चुकता करावा. अडकल्यामुळे वाढलेल्या रात्रींचं काय, हे पहिल्याच वाढीव रात्री विचारून घ्यावं, निघायच्या घाईत नव्हे. आणि एवढं करूनही कुणी काही नको म्हणालं तर दोनदा आग्रह करावा आणि मग ते घ्यावं. घेता येणंही जमायला हवं. आपल्याकडच्या बऱ्याच सुशिक्षित माणसांना ते जमत नाही, लगेच परतफेडीची घाई होते.

परतफेडीचं इतकंच असेल तर फोटो पाठवा. व्हॉट्सॲपवर नाही, कागदावर. सासूबाई फोनचा पडदा बघत नसतील, पण भिंतीवरचा फोटो बघतील. तिथल्या दमट हवेत साध्या प्रिंटवर बुरशी धरते, म्हणून लॅमिनेट करून टपालाने पाठवा. त्यात तुमचे एकटीचे फोटो नकोत. सासूबाईंचा, मावशींचा, रिक्षावाल्याचा त्याच्या रिक्षासकट, आणि तुमच्या मुलीबरोबरचा एखादा. ‘पाठवते’ असं म्हणून आलेला पर्यटक त्यांनी पुष्कळ पाहिला असेल, म्हणून हे काम या महिन्यातच उरका.

मेसेजला उत्तर नाही, यावर तुम्ही उगाच कथा रचली आहे असं मला वाटतं. तुम्ही पाठवलेल्या मेसेजचे नमुने पत्रात दिलेत. सुप्रभात, सणाच्या शुभेच्छा, एक भला मोठा हिंदी परिच्छेद, आणि तुमच्या फेसबुकच्या लेखाची लिंक. मावशींची बोलायची हिंदी चांगली असणार. तिथे बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडचे, सगळे आपसात हिंदीच बोलतात. पण लिहायची भाषा बंगाली असेल, किंवा लिहायची सवयच नसेल. पावसात नेटवर्कचं काय होतं ते तुम्ही अनुभवलंय. आणि सुप्रभातला कुणी काय उत्तर द्यायचं? सरळ फोन करा. तिथे सूर्य सहाच्या आत मावळतो, दिवस लवकर सुरू होऊन लवकर संपतो. त्यामुळे आपल्या सवयीने रात्री साडेनऊला करू नका, संध्याकाळी सातच्या सुमारास करा. मुलीला बोलू द्या. पाच मिनिटांत ठेवा. आणि वर्षातून दोन-तीनदा एवढं झालं तरी नातं नीट चाललंय असं समजा. रोजची ये-जा असलेलं नातं तुम्ही दोघींनीही ठरवलेलं नव्हतं.

फेसबुकबद्दल मात्र मी मऊ बोलणार नाही. तो लेख आजच्या आज खाली उतरवा.

सासूबाईंचा डोळे पुसतानाचा फोटो त्यात आहे, नावासकट. खलाशी काकांनी हटबेच्या किनाऱ्यावर काय पाहिलं, कुणाला हाक मारली आणि कोण परत आलं नाही, हे सगळं आहे. २६ डिसेंबर २००४ ची ती सकाळ त्यांनी तुम्हाला सांगितली. जेटीच्या छपराखाली, पाऊस पडत असताना, तुम्ही तिघं गप्प बसून ऐकत होतात म्हणून. तुमच्या ओळखीच्या-अनोळखीच्या शेकडो लोकांना त्यांनी सांगितलेली नाही. ‘डोळ्यात पाणी आलं’ अशा प्रतिक्रिया आल्या, याचा तुम्हाला आनंद झाला, ते मी समजू शकते. पण ते पाणी ज्यांच्या दुःखाचं होतं, त्यांना विचारलं होतंत का? विचारा. ते ‘चालेल’ म्हणाले तर पुन्हा टाका, चेहरा आणि नाव त्यांच्या मर्जीने. नाही म्हणाले तर वहीत लिहा, मुलीसाठी. तुम्ही लिहिता छान.

यात आणखी एक पेच आहे. पूर्व बंगालमधल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने १९४९ पासून अंदमानात वसवायला सुरुवात केली. नील ही मुख्यतः त्यांचीच वस्ती. जंगल तोडून, भातखाचरं घालून त्यांनी ती उभी केली. म्हणजे बेटावरच्या जवळपास प्रत्येक म्हाताऱ्या माणसाजवळ अशी एक हकिगत असणार. आता आठ मैत्रिणी जातील आणि म्हणतील, ‘आजी, ते फाळणीचं सांगा ना.’ काकांना म्हणतील, ‘सुनामीचं सांगा.’ तुम्हाला त्यांनी न विचारता सांगितलं होतं, यातच सगळं आलं. मागणीवरून सांगायचं झालं की तोही पाहण्याच्या यादीतला एक मुक्काम होतो, लक्ष्मणपूरच्या कमानीनंतरचा.

तरीही नंबर द्यायला माझी हरकत नाही. उलट द्याच, मावशींना भाडेकरू हवेच आहेत. फक्त होमस्टेचा नंबर म्हणून द्या: खोल्या स्वच्छ आहेत, जेवण चांगलं आहे, दर अमुक. ‘माझं नाव सांगा, त्या घरच्यासारखं करतील’ हे वाक्य गाळा. त्याचा अर्थ पुढे ‘पैसे कमी घेतील’ असा होतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. काकांचा ठावठिकाणा कुणालाही देऊ नका.

आणि जरावा बघायचे म्हणणाऱ्या मैत्रिणीला स्पष्ट नाही म्हणा. यात दोन मतं नाहीत. १९५६ च्या कायद्याने त्यांचा प्रदेश राखीव आहे. तिथून जाणाऱ्या रस्त्यावर गाड्या ताफ्यातच सोडतात, थांबायला मनाई आहे, त्यांचे फोटो काढणं किंवा त्यांच्याशी संपर्क करणं हा गुन्हा आहे. आपल्याकडून त्यांच्यात जाणारा साधा सर्दी-खोकलाही त्यांना महागात पडू शकतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, काही शे माणसं उरलेला एक समाज आपल्या जंगलात राहतो आहे आणि आपण काचेतून डोकावून ‘दिसला, दिसला’ म्हणायचं, याला भेट म्हणत नाहीत. बाराटांगच्या चुनखडी गुहांना त्याच रस्त्याने लोक जातात. निव्वळ जरावा दिसतील म्हणून जाणाऱ्यांनी बेत बदलावा. मैत्रिणीला खरंच स्थानिक भेटायचे असतील तर मावशी स्थानिकच आहेत. तो रिक्षावालाही.

परत जायचं का? जा. पण गट वेगळा ठेवा आणि तुमचं जाणं वेगळं. मैत्रिणींना पावसाचं सगळं बजावून सांगा, कारण तुमचा लेख वाचून त्यांना पाऊस म्हणजे गप्पांची मैफल वाटते आहे. समुद्र खवळला की बोटी बंद होतात, किती दिवस ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून परतीच्या विमानाआधी निदान दोन दिवस श्री विजयपुरममध्ये काढावेत, लहान बेटावर नव्हे. बदलता येईल असंच तिकीट काढावं. नेहमीची औषधं जास्तीची घ्यावीत, थोडी रोकड जवळ ठेवावी. आणि बोट पुन्हा सुरू होते त्या दिवशी खिडकीवर आरडाओरडा करू नये. रुग्ण, विद्यार्थी, बेटावरचे रहिवासी आधी जातील. तसंच व्हायला हवं. पाऊस नको असेल तर जानेवारी ते एप्रिल बरे; नोव्हेंबर-डिसेंबरातही तिथे ईशान्येचा पाऊस आणि कधी वादळं असतात.

बोट रद्द न होताही माणसं भेटावीत असं वाटणाऱ्यांना माझ्याकडे एकच उपाय आहे. बेटं कमी करा. तीन बेटं दोन-दोन रात्री करण्याऐवजी एकाच बेटावर राहा, आणि रोजचे काही तास काहीही न ठरवता ठेवा. त्याच टपरीवर, त्याच वेळी, पुन्हा पुन्हा जा. पहिल्या दिवशी कुणी बोलणार नाही. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारेल, मेनलँडहून कुठून आलात? मग आधी स्वतःबद्दल सांगा: आपलं गाव, आपला पाऊस, पोरांच्या शाळा. प्रश्नांची फैर झाडू नका, फोन खिशातच असू द्या. कुणी नाहीच बोललं तर चहा पिऊन उठा, ते काही आपल्या करमणुकीसाठी तिथे बसलेले नसतात.

तुम्ही स्वतः जाल तेव्हा मुलीला घेऊन जा. मावशींना आधी कळवा, खोलीचे पैसे आगाऊ पाठवा, आणि त्या कामात असतील तर त्यांना कामात राहू द्या. सासूबाई भेटतील न भेटतील, वय झालंय. भेटल्या तर या वेळी त्यांना काही विचारण्याऐवजी तुमच्या आजीबद्दल सांगा. पत्रात तिच्याविषयी लिहिलेलं मला आवडलं होतं. आणि फोटोंचं पाकीट टपालात टाकायचं काम यजमानांकडे सोपवा. पत्ता त्यांनाच लिहू द्या.